कढई न ठेवता केलेली दिवाळी

प्रिय मंगल,

नावानं हाक मारली म्हणून दचकू नकोस. साऱ्या संसारात मी तुला ‘अगं’ म्हणालो, फार तर ‘माधूची आई’ म्हणालो. पण पत्राला मायना लागतो, आणि ‘प्रिय अगं’ असं काही माझ्याच्यानं लिहवेना.

पत्र कशाला, असं विचारशील. अगं, शिमगा झाला आणि तू गेलीस, तेव्हापासून मी तुझ्या फोटोशी बोलत होतो. नळाला पाणी आलं की सांगायचो, पाणी आलं. भाजीवाल्यानं किडकी वांगी गळ्यात मारली की तेही सांगायचो. मध्यंतरी एकदा असाच दाराकडे पाठ करून तुझ्याशी भांडत उभा होतो, तर मागे पलीकडच्या गल्लीतल्या शमीमभाभी! त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. पण बातमी कशी कोण जाणे नातेपुत्यात पोचली आणि अक्काचा फोन आला. थोरली बहीण माझी, ती काय ऐकून घेते? “फोटूसंगं बोलत बसू नगंस,” म्हणाली, “लोकं येडा म्हनत्याल.” म्हणून आता लिहितोय. लिहिणाऱ्याला निदान वेडा म्हणत नाहीत.

आणि सांगायचंही पुष्कळ साठलंय. दिवाळी झाली, मंगल. तुझ्यावाचूनची पहिली. ती कशी झाली ते तुला सांगितल्याशिवाय मला ती झाल्यासारखी वाटतच नाही.

सुरुवात माधूच्या फोनपासून करतो. दसरा झाल्यावर आला. आधी नेहमीचं सगळं विचारून झालं. जेवलात का, गोळ्या वेळेवर घेता का, गुडघा कसा आहे. मग म्हणाली, “अप्पा, या दिवाळीला मी येत नाही.” मी विचारलं, सासूबाईंना बरं नाही का? ऑफिसात सुट्टी नाही का? तर तसं काही नव्हतं. म्हणाली, दुःखाचं वर्ष आहे, करायचं तर काहीच नाही. मग एकदम बोलून गेली, “खरं सांगू? आईच नाही तर माहेरी येऊन काय करू? मला त्या स्वयंपाकघराकडे बघवत नाही.”

मी म्हणालो, “बरं.”

दुसरं काय म्हणणार होतो? एकुलती एक लेक आपली. तिच्या आवाजावरूनच कळत होतं की हे बोलायला तिला किती जड गेलंय. आणि ती खरंच बोलत होती. आषाढात एकदा आली होती ती चिंचवडहून, तेव्हा हातात नुसती पर्स. पुढच्या खोलीतच बसली. पाणीसुद्धा मीच आणून दिलं. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून बसली होती. दुपारच्या गाडीनं परत गेलीसुद्धा.

फोन ठेवल्यावर मला तुझा राग आला, मंगल. खरंच आला. जायचं होतं तर एकटी जायचं होतंस. लेकीचं माहेर कशाला बरोबर नेलंस? आणि मी? मी आहे की अजून! बाप काय नुसता स्टँडवर न्यायला-आणायला असतो?

तो राग दोन दिवस मनात धरून हिंडलो. मग माझं मलाच वाटलं, माधूचं चुकतंय कुठं? पोरगी माहेरी येते ती काय पुढच्या खोलीतल्या सोफ्यासाठी येते का? ती यायची तेव्हा तू ओट्यापाशी असायचीस, कढईत काहीतरी चुरचुरत असायचं, आणि ती चपला काढल्या काढल्या सरळ आत जाऊन डब्याची झाकणं उघडायची. तू ओरडायचीस, हात धू आधी. ती धुवायची नाही. तेवढंच तिचं माहेर होतं. आणि आता त्या डब्यांत काय आहे? डाळ-तांदूळ आणि माझ्या गोळ्या.

म्हणजे डब्यात काहीतरी हवं. एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

पण करायचं काय? अक्कानं आधीच बजावून ठेवलं होतं. घरात माणूस गेलं की त्या वर्षाच्या दिवाळीला कढई ठेवायची नाही, तळणाचा वास घरातून बाहेर जाता कामा नये, हे तुलाही ठाऊक आहे. माझी आई गेली त्या वर्षी तू पाळलं होतंस आणि शेजाऱ्या-पाजाऱ्यांनी डबे आणून दिले होते. अक्का म्हणाली, “चकल्या, करंज्या मी लावून दीन. तू घरात कढई ठिवू नगंस.” आता अक्काच्या चकल्या चांगल्याच असतात, त्यात वाद नाही. पण अक्काच्या चकल्या खायला माधू चिंचवडहून इथवर कशाला येईल?

विचार करता करता नानकटाई आठवली.

तुला वाटेल, आता याला कशाला आठवली? मंगल, तुझी दिवाळी चकलीनं कधी सुरू झालीच नाही. ती सुरू व्हायची पेठेतल्या बेकरीच्या भट्टीवर. वसुबारसेच्या आसपास मैदा, रवा, बेसन, साखर, तूप अशी पिशवी भरून तू मला हाक मारायचीस, आणि मी ती सायकलला अडकवून पोचवायचो. पुढे तुम्हा बायकांचं राज्य. घरचं सामान द्यायचं, भट्टीवाल्याची मजुरी द्यायची, आणि ट्रे आत जाऊन बाहेर येईपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसायचं, कारण पेठेतल्या सगळ्यांची नानकटाई दिसायला सारखीच. म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली. कुणी किल्लीचा दांडा दाबायची, कुणी काटा-चमच्यातला काटा. तुझी खूण म्हणजे कोटाचं मोठं बटण. माझ्या लग्नातल्या कोटाचं! तो कोट मी पुन्हा अंगाला लावला नाही हे खरं, पण बटण कापायच्या आधी एकदा विचारायचं तरी होतंस.

आणि एका वर्षी खूण असूनही घोटाळा झालाच. ईद आणि दिवाळी मागेपुढेच आल्या होत्या, भट्टीवर ही गर्दी! घरी येऊन डबा उघडलास तर बटणाच्या जागी बाटलीच्या झाकणाच्या कडा उठलेल्या. मी म्हटलं, जाऊ दे, बिस्किटं ती बिस्किटं. तू एक खाऊन बघितलंस आणि म्हणालीस, यात बडीशेप आहे, आपण बडीशेप कधी घालतो का? डबा काखेत मारून निघालीस. गल्लीगल्लीत दारं वाजवत, झाकण कुणाचं, झाकण कुणाचं, असं विचारत. शेवटी पलीकडच्या गल्लीत एक बाई आपला डबा काखेत मारून दारातच चप्पल शोधत उभी होती. त्याच शमीमभाभी. त्यांनी आपली अर्धी खाल्ली होती, आपण त्यांची. तुम्ही दोघी त्यांच्या उंबऱ्यावर बसून उरलेली वाटून घेत बसलात, आणि मी इकडे जेवणाची वाट बघत. त्या दिवसापासून तुमची जी गट्टी जमली ती तू जाईपर्यंत सुटली नाही.

तर, नानकटाई. ती भट्टीत भाजतात. तिला कढई लागते कुठं?

मी लगेच बेकरीत गेलो. मंगल, ती भट्टी राहिली नाही आता. पुढे काचेचं दुकान झालंय, गार हवेचं, आणि माल सगळा बाहेरून येतो. काउंटरवरचा माणूस म्हणाला, काका, घरचं पीठ आता कुठं कुणी घेतं? मग अर्धा किलो विकतच घेतली. घरी येऊन एक खाल्ली. नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. पण ती आपल्या डब्यात भरताना माझा मलाच संकोच वाटला. कुणाला दाखवायला भरत होतो मी?

तेव्हा ठरवलं, करायची तर घरीच करायची. कुकरमध्ये होते असं कुठंतरी ऐकलं होतं. तरी परवानगी घेतलेली बरी म्हणून अक्काला फोन लावला. विचारलं, कढई ठेवायची नाही हे कळलं, पण कुकर चालेल का? अक्का म्हणाली, “कुकराला कुनी नगं म्हनलंय? रोज भात करतूस की त्यात.” मी पुढं काही बोललो नाही. न बोलण्यानं तुझ्याशी संसार निभावला, अक्काशी का निभणार नाही?

आता पहिल्या घाण्याचा प्रकार सांगतो. हसायचं नाही.

सामान मला पाठ होतं, इतकी वर्षं पिशवी वाहिलेली. पण किती? इथं माझं घोडं अडलं. माधूनं तुला कितीदा विचारलं असेल, आई, माप सांग. तुझं उत्तर एकच, हाताला कळतं. अगं, तुझ्या हाताला कळत होतं. तो हात तू घेऊन गेलीस. आता माझ्या हाताला काय कळणार? त्याला पाने आणि पकडी कळतात. टॉवेलच्या कारखान्यात उभं आयुष्य फिटर म्हणून काढलेला हात तो. तरी मळलं एकदाचं. गोल गोल वळले, ताटलीत मांडले. कुकरमध्ये रोजच्यासारखं दोन भांडी पाणी घातलं, वर ताटली ठेवली, झाकण लावलं आणि शिट्ट्यांची वाट बघत बसलो.

हो, पाणी घातलं. कुकर म्हटला की पाणी, एवढंच मी तुझ्या मागे उभा राहून पाहिलेलं होतं!

उघडून बघतो तर काय, आत ओले पांढरे गोळे एकमेकांना चिकटून बसलेले. चिमट्यानं उचलावं तर घळकन खाली. तेवढ्यात शमीमभाभी दूध मागायला की द्यायला आल्या. गोळे बघितले, कुकर बघितला, मला बघितलं. त्यांना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “भाईसाब, पानी कायकू डाले? बिस्कुटां हैं, चावल नै.”

मी त्यांना माधूच्या फोनचं सांगितलं. सांगणार नव्हतो, पण सांगितलं. मग त्यांचं हसू थांबलं. साडीचा पदर खोचला आणि ओट्याकडे वळल्या. कुकरचं रबर काढायचं, शिटी काढायची, तळाला जाड मीठ पसरायचं, त्यावर रिंग ठेवायची, रिकामा कुकर तापू द्यायचा आणि मग ताटली आत. आच बारीक. सगळं इतकं सोपं होतं! तू हे कधीच का केलं नाहीस? भाभींना विचारलं तर म्हणाल्या, मंगलभाभीला भट्टीवर बसायचं असायचं, तिला बिस्किटांची घाई कधीच नव्हती. मला हे इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मला वाटायचं, बिचारीला तिथं ताटकळावं लागतं.

दुसरा घाणा भाभी घरी गेल्यावर मी एकट्यानं लावला. पाणी नाही, मीठ बरोबर, आच बारीक. तरी सगळ्या नानकटाया पसरून मिळून एकच पापड झाला. आपल्या सोलापूरचं ऑक्टोबरमधलं ऊन! तूप थिजेल कसं? ते तेलासारखं पातळ झालं होतं आणि मी तसंच पिठात ओतलं होतं. दुसऱ्या दिवशी भाभींनी तूप फ्रिजमध्ये ठेवायला लावलं, आणि मग साखर घालून परातीत हाताच्या तळव्यानं फेसायला बसवलं. एकाच दिशेनं. पांढरं होईपर्यंत. माझा खांदा भरून आला तरी त्या म्हणत होत्या, “और थोडा.” मंगल, तू हे दर वर्षी करायचीस? आणि वर रात्रीचा स्वयंपाकही?

कुकर मात्र आतून काळाठिक्कर पडलाय. ते तुला सांगणं भाग आहे. चिंच, लिंबू, राख सगळं करून पाहिलं. तू असतीस तर मला त्या कुकरसकट घराबाहेर काढलं असतंस.

तिसऱ्या घाण्याला वास सुटला. वेलदोड्याचा आणि तुपाचा, हळूहळू, आधी ओट्यापाशी आणि मग पुढच्या खोलीत. मी खुर्चीवर बसलो होतो तो उठून उभाच राहिलो. तू गेल्यापासून या घरात फोडणी सोडून दुसरा वास नव्हता. रडलो थोडा. मग आठवलं की रडत बसलो तर करपतील, म्हणून गॅस बंद केला आणि उरलेलं रडणं नंतर उरकलं.

हो, एक राहिलं. भाजायच्या आधी खूण करायची होती. तुझं बटण शिवणाच्या डब्यात सापडलं. हातात घेतलं, पिठावर नेलंसुद्धा. आणि थांबलो. ती तुझी खूण. माझ्या हातच्या बिस्किटावर ती उठवली असती तर लेकीला फसवल्यासारखं झालं असतं, आणि तिला पहिल्या घासालाच कळलं असतं. बटण परत ठेवलं. माझ्या हत्यारांच्या पेटीतून एक पितळी नट काढला, बोल्टावर बसतो तो. चिंचेनं घासला, उकळत्या पाण्यात टाकला, पुसला आणि तो दाबला. सहा कोपऱ्यांची छान खूण उठली.

भाभींचा जावई टेम्पोत चादरी भरून पुण्याकडे जातो. त्याच्याकडे डबा दिला, माधूचा पत्ता दिला. चिठ्ठी घातली नाही. काय लिहिणार होतो? ये, असं लिहिलं असतं तर ती नाही म्हणायला अवघडली असती, आणि मला तिला अवघडवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला.

“अप्पा, ही आईची नानकटाई नाही,” माधू म्हणाली.

“नाही,” मी म्हणालो.

“वर हे काय उठवलंय?”

“नट.”

मग म्हणाली, “तुम्ही केलीत?”

“तिच्यासारखी मला जमायची नाही गं. मला येते तशी केलीय.”

ती रडत होती का हसत होती, मला कळलं नाही. दोन्ही असावं. तिनं विचारलं, हात भाजला का? मी म्हटलं, थोडासा. तिनं विचारलं, कुकरमध्ये केली? मी म्हटलं, हो, कढई ठेवायची नव्हती ना. त्यावर मात्र ती नक्की हसली. येते असं काही म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. बोलता बोलता एवढंच सांगून ठेवलं, की भाभींकडे आणि अक्काकडे द्यायची राहिलीय, म्हणून उद्या अजून एक घाणा लावतोय.

नरकचतुर्दशीला सकाळी मी ओट्यापाशीच होतो. ताटली नुकतीच आत गेली होती. दार उघडंच होतं, वारं येत होतं, आणि गॅसची ज्योत नाचत होती. एवढ्यात मागे पावलं वाजली. मला वाटलं भाभी असतील. वळून बघतो तर स्वयंपाकघराच्या दारात माधू. हातात मोठी बॅग. जावईबापूंनीच पहाटेच्या गाडीत बसवून दिलं होतं म्हणे.

ती उंबऱ्याच्या पलीकडेच उभी होती. चौकटीला धरून. तिचा चेहरा बघून मला कळलं, की हिला आत येता येत नाहीये. असल्या वेळी तू बोलायचीस, मी मागे उभा असायचो. काहीतरी मोठं, धीराचं बोलायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष त्या ज्योतीकडे.

“अगं आत ये आणि दार लाव,” मी म्हणालो. “वाऱ्यानं गॅस विझतोय.”

आणि ती आली, मंगल. पटकन आत आली, दार लावलं, खाली वाकून ज्योत बघितली आणि म्हणाली, केवढी मोठी ठेवलीय अप्पा, बारीक करा की. मी म्हटलं, बारीकच आहे. ती म्हणाली, नाही, आई याहून बारीक ठेवायची. आम्ही तिथंच वाद घालत उभे राहिलो. आपण आत आलोय हे तिच्या लक्षातच आलं नाही. आलं तेव्हा ती ओट्याला टेकून खाली बसली आणि खूप रडली. मी तिच्याजवळ बसलो. गुडघा दुखत होता तरी बसलो. एक डोळा तिच्याकडे, एक कुकरकडे. तिनं नाक पुसून विचारलं, किती वेळ झाला? झाकण तिनंच काढलं.

कुकरचा तळ बघून तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, आईनं हे बघितलं असतं तर पुन्हा गेली असती. मग आम्ही दोघं एवढं हसलो, की शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावून गेलं. दुःखाच्या घरात हसतात म्हणून नावं ठेवली असतील. ठेवू देत.

दुपारी अक्काचा फोन आला. माधूनं घेतला आणि मी खुणेनं नको नको म्हणत असताना सरळ सांगून टाकलं, आत्या, अप्पांनी नानकटाई केलीय. मी मनात म्हटलं, आता आपली काही खैर नाही. फोन मोठ्यानं बोलायचा करून ठेवला होता, त्यामुळे अक्काचं सगळं ऐकू आलं.

“तळली व्हय?”

“नाही आत्या, भाजली.”

अक्का म्हणाली, “मंग चालतंय की. त्या बाईनं दारात आल्याला मानूस कदी उपाशी धाडला न्हाय. तिच्याच दुखात घर रितं ठिवलं तर तिला बरं वाटंल व्हय?” आणि वर, “मला बी चार लावून द्या. दात न्हाईत, पन चहात बुडवून खाईन.”

अक्काचा आवाज मी एवढा मऊ कधी ऐकला नव्हता. तुझ्या समोर तर ती तुला कायम टोचूनच बोलायची. तुझ्यावर तिचा एवढा जीव होता, हे तुला माहीत होतं का गं?

पाडव्याला माधूनं मला ओवाळलं. रांगोळी नाही, आकाशकंदील नाही, नुसतं निरांजन. ताटात एक नानकटाई ठेवली होती, तीच तिनं मला भरवली. शेवटच्या घाण्यात मी बेसन जरा जास्त टाकलं होतं, तिला आवडलं. तू टाकायचीस त्याहून जास्त. राग मानू नकोस, पण ती म्हणाली, अप्पा, हेच माप ठेवा.

तीन रात्री राहिली. सगळ्या दुपारी झोपली. मी चार वाजता चहा केला की पायाचा अंगठा हलवून उठवायचो, ती डोळे न उघडता डब्याकडे हात करायची. भाभी येऊन बसायच्या, तुझ्या गोष्टी निघायच्या. काही मला माहीत नसलेल्या. भट्टीवर बसल्या बसल्या तू आम्हा नवऱ्यांच्या नकला करायचीस म्हणे! माझी कशी करायचीस ते भाभींनी करून दाखवलं. हुबेहूब होती. एवढ्या वर्षांत मला एकदाही दाखवली नाहीस ती.

आज सकाळी माधू गेली. मी स्टँडवर सोडायला गेलो होतो. घरी आलो तर अंगणातल्या दोरीवर तिचा गाऊन वाळत होता. फुलाफुलांचा, रंग उडालेला, ती माहेरी घालायची तोच. विसरली वाटतं, म्हणून तिला लगेच फोन लावला. गाडी अजून स्टँडच्या बाहेरही पडली नव्हती. म्हटलं, थांबव गाडी, रिक्षानं आणून देतो.

“राहू द्या ना अप्पा,” ती म्हणाली. “मुद्दामच ठेवलाय. गड्ड्याच्या जत्रेला येणारच आहे, तेव्हा लागेल की.”

संक्रांतीला येते म्हणाली, मंगल. मी बोलावलं नव्हतं. तिची तीच म्हणाली.

फोन ठेवल्यावर मला हे कुणाला तरी सांगायचं होतं. फोटोकडे गेलो, अक्का आठवली, आणि कागद घेऊन बसलो.

तुला एक शब्द देतो. माझा गुडघा असा, दिसतंही कमी, कानांचंही आता काही खरं नाही. किती दिवाळ्या अजून जमतील, सांगता येत नाही. पण जोवर पाय उभं राहू देतात, तोवर माधू येईल तेव्हा ओट्यापाशी मी असेन, आणि डब्यात मी केलेलं काहीतरी असेल. करपलेलं असलं तरी असेल. तू तिकडे निश्चिंत राहा. तू मांडलेलं हे माहेर तुझ्या लेकीसाठी मी उघडं ठेवीन.

दोरीवरचा गाऊन सुकलाय. घडी घालतो आणि तुझ्या कपाटात, तुझ्या साड्यांवर ठेवतो. आजवर ते कपाट उघडायचं धाडस झालं नव्हतं. आज किल्ली काढून ठेवलीय.

तुझा,
‘अहो’